घरगाडीच्या छतावर सोलार: किती वॅटचं घ्यायचं आणि कसं बसवायचं

टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करायला घेतलेली माणसं मला फोन करतात ती बहुतेक वेळा दुकानात उभं राहूनच. समोर ५४० वॅटचं पॅनेल भिंतीला टेकवलेलं असतं आणि प्रश्न असतो, "दादा, दोन घेऊ का?" मी उलट विचारतो, "रात्री गाडीत काय काय चालणार आहे?" त्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

माझी गाडी छत्रपती संभाजीनगरची. फिरणं मराठवाड्यातच जास्त: पैठणला नाथसागराच्या काठी, नळदुर्ग, माहूर, औंढा, अंबाजोगाई. घरात चार माणसं. छतावर आत्ता जे सोलार आहे ते दुसऱ्यांदा बसवलेलं. पहिलं दोन उन्हाळ्यांत वाया गेलं. ते का गेलं, हे पुढं ओघात येईलच.

आधी वही, मग दुकान

घरचं वीजबिल युनिटमध्ये येतं. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. गाडीतल्या प्रत्येक वस्तूचे वॅट तिच्या मागच्या पट्टीवर छापलेले असतात. त्याला ती दिवसातून किती तास चालते त्या आकड्यानं गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. उन्हाळ्यातल्या एका दिवसाचा आमचा हिशेब असा आहे:

दोन १२ व्होल्टचे पंखे, १८ वॅटचे, १० तास: ३६०
डीसी कूलर, ५० वॅट, रात्रीचे ८ तास: ४००
कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, दिवसभरात मिळून: ५००
चार एलईडी दिवे, ५ वॅटचे, ४ तास: ८०
मोबाइल: ५०
लॅपटॉप, ६० वॅट, ३ तास: १८०
पाण्याचा पंप, २० मिनिटं: २०
मिक्सर, १० मिनिटं, इन्व्हर्टरचा तोटा धरून: १००

बेरीज १६९०. म्हणजे पावणेदोन युनिटांच्या आत.

या यादीत एसी नाही आणि इंडक्शन शेगडीही नाही. इंडक्शनला दीड-दोन हजार वॅट लागतात. गॅसची छोटी शेगडी असताना बॅटरीवर तो भार टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एसीची उणीव आपल्याकडं कूलर भरून काढतो. मार्च ते मे मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की ५० वॅटच्या कूलरची झुळूक रात्री पुरते. कोकणात हाच कूलर निरुपयोगी ठरेल, कारण तिथं हवेतच ओल असते.

आपलं ऊन किती देतं

सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत ऊन दिसतं, म्हणून तेरा तास वीज मिळेल असं धरू नका. पॅनेलवर छापलेले वॅट हे दर चौरस मीटरला १००० वॅट एवढ्या कडक उन्हात मोजलेले असतात. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून सगळी बेरीज केली, तर मराठवाड्यात वर्षाच्या सरासरीनं दिवसाला असे ५ ते साडेपाच 'भरलेले तास' मिळतात. एप्रिल-मेमध्ये ते सहाच्या वर जातात. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी साडेतीन धरलेले बरे.

त्यातलंही सगळं बॅटरीत पोचत नाही. उष्णता हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा चोर आहे. पॅनेलची चाचणी सेलचं तापमान २५ अंश ठेवून करतात. नांदेड-परभणीत मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर असते आणि काचेखालचा सेल ६५-७० अंशांपर्यंत तापतो. मोनो पर्क जातीच्या पॅनेलमध्ये दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. ४५ अंश वाढले की सोळा टक्के तिथंच गेले. धूळ, वायर, कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा), बॅटरीत घालण्या-काढण्यातला तोटा आणि सपाट बसवल्याची घट, हे सगळं धरून मी उन्हाळ्यात छापील वॅटच्या ६५ टक्केच मोजतो. पावसाळ्यात पॅनेल थंड राहतं आणि धुतलं जातं, तेव्हा ७० टक्के.

आता भागाकार करा. उन्हाळ्यातही हात राखून ५च तास धरू: १७०० ला ५ तास आणि ०.६५ यांच्या गुणाकारानं, म्हणजे ३.२५ नं भागलं की ५२३ वॅट येतात. पावसाळ्यात कूलर बंद, म्हणून गरज १३०० वर येते. त्याला साडेतीन तास आणि ०.७० च्या गुणाकारानं भागलं की ५३० वॅट. दोन्ही ऋतूंचा आकडा जवळजवळ एकच निघाला. चौघांच्या गाडीला ५४० वॅट पुरे, आणि दुकानातल्या त्या "दोन घेऊ का?"चं निम्मं उत्तर इथंच मिळतं. उरलेलं कंट्रोलरपाशी मिळेल.

सपाट बसवलं तर नुकसान होतं का? मेच्या मध्यापासून लातूर, बीड, संभाजीनगर असा एकेका गावाचा शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत सपाट पॅनेलसारखं दुसरं काही नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो आणि सपाट पॅनेलवर ऊन्हाचा पाऊण भागच पडतो. पण थंडीत पंखे-कूलर बंद असतात, त्यामुळं ती तूट जाणवत नाही. बिजागरी लावून पॅनेल उभं करायची सोय नवख्यांनी करू नये. मेमध्ये दुपारी तीनला वळवाचं वादळ सांगून येत नाही, आणि उभं केलेलं पॅनेल म्हणजे वाऱ्यासाठी शीडच.

बॅटरी

संध्याकाळी सहा ते सकाळी आठ एवढ्या वेळात आमचे हजार-अकराशे वॅट-तास खर्च होतात. त्यावर एखादा ढगाळ दिवस निभावायचा तर १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. एकूण २५६० वॅट-तास, त्यातले ८५ टक्के बिनघोर वापरता येतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते. शिवाय वजन ५० किलोच्या वर, आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ज्या डब्यात लेकरं झोपतात तिथं ती नको.

लिथियमला आपल्याकडं थंडीचा धोका नाही, उष्णतेचा आहे. सतत ४५ अंशांच्या वर राहिली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. इंजिनाजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हानं तापणाऱ्या पत्र्याला चिकटून ठेवू नका. आमची मधल्या बाकाखाली आहे, चारही बाजूंनी बोटभर हवा सोडून.

कंट्रोलर, आणि दुसरं पॅनेल का नको

५४० वॅटचं मोठं पॅनेल भार नसताना साधारण ४९ ते ५० व्होल्ट दाखवतं. अशा पॅनेलला १२ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम कंट्रोलर (स्वस्त जातीचा, पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टवर ओढणारा) लावला तर निम्म्याहून जास्त वीज फुकट जाते. एमपीपीटीच हवा, म्हणजे जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देणारा. त्यावर दोन आकडे असतात: किती व्होल्ट सोसतो आणि बॅटरीला किती अँपिअर देतो. ५४० भागिले १४ म्हणजे ३८-३९ अँपिअर, म्हणून ४० अँपिअरचा चालतो आणि ५० चा निवांत चालतो.

व्होल्टचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, जोडली की व्होल्टची बेरीज होऊन ९९ होतात. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला जमेल असं कागदावर वाटतं. पण पॅनेल थंड झालं की व्होल्ट वाढतात, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडे जास्त. परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांच्या खाली उतरतो. तशा पहाटे पहिलं ऊन पडताच तेच ९९ चे १०४ होतात आणि कंट्रोलर जळतो. त्यामुळं पॅनेलच्या मागचा 'ओपन सर्किट' (भार नसतानाच्या व्होल्टचा) आकडा बघा, त्यात दहा टक्के मिळवा आणि मगच कंट्रोलर निवडा.

शेतावर सौर पंप बसवणारे फिटर आता गावोगावी आहेत. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडायची टोकं) नीट दाबण्यात त्यांचा हात बसलेला असतो, जरूर मदत घ्या. मात्र पंपाचा कंट्रोलर वेगळ्या कामाचा आहे, तो गाडीत लावायचा नाही.

छतावर चढण्याआधी

जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून पॅनेलच्या मापाचा तक्ता करा. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २२७८ बाय ११३४ मिलिमीटर असतं, वजन २७-२८ किलो. तक्ता छतावर ठेवून सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्यावर कशाची सावली पडते ते बघा. वरचा व्हेंट (हवेचा झरोका), कॅरिअरचा दांडा, हॉर्न, काहीही. एका कोपऱ्यातल्या सावलीनं पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो, कारण आतले सेल बहुधा तीन गटांत जोडलेले असतात. व्हेंटमुळं मोठं पॅनेल बसत नसेल तर १८० वॅटची तीन घ्या आणि सिरीजमध्ये जोडा.

मग पत्रा वाजवून बघा. टकटक केल्यावर आवाज बद्द येतो तिथं खाली आडवी पट्टी आहे, पोकळ येतो तिथं नुसता पत्रा. खडूनं पट्ट्यांच्या रेघा मारून घ्या. पॅनेलचे पाय या रेघांवरच आले पाहिजेत.

आणखी एक काम जमिनीवरचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. घरगाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. छताला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन तुमच्या गाडीचा नकाशा दाखवा. नंतर काढायला लावलं तर भोकं राहतात, पॅनेल जातं.

बसवणं

मी सगळ्यात जास्त वेळ इथं घालवतो, तुम्हीही घालवा. समृद्धीवर ताशी १०० किलोमीटरनं जाताना वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास असतो. मोठ्या पॅनेलच्या अडीच चौरस मीटरवर तो जवळपास १२० किलो होतो. सपाट पॅनेलला हा सगळा दाब उचलत नाही, पण पुढची कड उघडी असेल आणि वारं खाली शिरलं तर बळ त्या दिशेनं वाढत जातं. समोरून ४०च्या वेगाचं वारं असेल तर आकडा दुप्पट. निसटलेलं २८ किलोचं पॅनेल मागून येणाऱ्या मोटारसायकलवर पडलं तर काय होईल, एवढं डोळ्यापुढं आणा आणि मग बोल्ट निवडा.

माझी पहिली पॅनेलं लवचिक जातीची होती, थेट पत्र्याला चिकटवलेली. हलकी, भोक नाही, दिसायला सुंदर. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांवर तपकिरी डाग पडले आणि वीज निम्म्यावर आली. खाली हवा नव्हती, तापलेला पत्रा त्यांना भाजत होता. काच आणि अल्युमिनियमची चौकट असलेलं पॅनेल, आणि त्याखाली किमान दोन इंच पोकळी, हे मराठवाड्यासाठी मी आता आग्रहानं सांगतो. त्या पोकळीचा दुसराही फायदा आहे. पॅनेल छतावर मांडवासारखं काम करतं. त्याखालचा पत्रा सावलीत राहतो आणि दुपारी आतला फरक हाताला कळतो.

आधी फॅब्रिकेशनवाल्याकडून अल्युमिनियमचे दोन लांब रूळ करून घ्या. रूळ आडव्या पट्ट्यांना बोल्टनं बसतात आणि पॅनेल रुळांना. मोठ्या पॅनेलला चार कोपऱ्यांऐवजी सहा ठिकाणी आधार द्या. आपल्या रस्त्यांवर ते मधोमध लवत राहिलं तर काचेखालचे सेल तडकतात, आणि ते बाहेरून दिसतही नाही. चौकटीला नवीन भोकं पाडू नका, कंपनीनं दिलेलीच वापरा.

भोक पाडायच्या जागी रंगावरची धूळ-तेल स्पिरिटनं पुसा. भोक पाडलं की कीस लगेच झाडून काढा. पावसात तोच गंजून छतावर तांबडे ओघळ आणतो. भोकाच्या कडेला प्रायमर लावा. रुळाच्या पायाखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), मग स्टेनलेस बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्यानं न सुटणारा), आणि वरून सगळ्याला पॉलियुरेथेन सीलंट. नुसत्या पत्र्यात सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारून भागवू नका, पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्यात त्याला पकड नसते. साधं सिलिकॉनही नको. ते सुटलं की त्या जागी पुन्हा दुसरं काही धड चिकटत नाही. पहिल्या वेळी व्हेंटच्या कडेला मी तेच लावलं होतं. औंढ्याला एका पावसाळी रात्री आतल्या प्लायवर ओल उतरली आणि अंथरुणं भिजली.

सीलंटची एक गोष्ट आपल्या हवेमुळं वेगळी आहे. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं वाळतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते आत वाळायला जास्त दिवस घेतं. वरून साय धरली म्हणजे झालं असं समजू नका, आठवडाभर गाडी उभी ठेवा. आणि काम सकाळी उजाडताच करा. दहानंतर पत्र्यावर हात ठेववत नाही, तशा तापल्या पत्र्यावर सीलंटही धरत नाही.

पुढच्या कडेला अल्युमिनियमची तिरपी पट्टी लावा, म्हणजे वारं पॅनेलच्या वरून जाईल. मागची बाजू मोकळी सोडा, नाहीतर पोकळीतली हवा खेळणार नाही. शेवटी गाडीची नवी उंची मोजून ती चालकासमोर काचेवर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, गावातले खाली लोंबलेले विजेचे तार आणि लिंबाच्या फांद्या, तिघांनाही ती उंची लागू आहे.

वायर

छतातून वायर आत घेण्यासाठी खास केबल एन्ट्री बॉक्स मिळतो. त्याचं तोंड मागच्या बाजूला ठेवा आणि वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल.

जाडीचा हिशेब सोपा आहे. एका बाजूची लांबी मीटरमध्ये, गुणिले २, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरीतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. उत्तर म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट. ते तीन टक्क्यांच्या आत हवेत. मोठं एक पॅनेल ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं. पाच मीटरवर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून किंचित जास्त गळतं, दीड टक्क्याच्या आत. १८० ची तीन पॅरललमध्ये, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण, जोडली तर १८ व्होल्टला ३० अँपिअर होतात, आणि त्याच वायरीत सात टक्के जातात. तिथं १० चौरस मिलिमीटर लागेल, शिवाय प्रत्येक पॅनेलला वेगळा फ्यूज. म्हणूनच वर सिरीज म्हटलं. घरातली साधी वायर छतावर घालू नका, उन्हानं तिचं आवरण तडकतं.

कंट्रोलर बॅटरीपासून मीटरभर अंतरावर, १६ चौरस मिलिमीटरची वायर, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वितभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. १००० वॅटच्या इन्व्हर्टरची वायर वेगळी, २५ चौरस मिलिमीटरची, तिला १०० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज. फ्यूज दूर लावला तर मधल्या वायरीला राखण राहत नाही, आणि पत्र्याला घासून ती उघडी पडली की आग लागते.

जोडणीचा क्रम पाठ करा. पॅनेलवर जाड सतरंजी टाका. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा. कंट्रोलरच्या पडद्यावर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा. मल्टीमीटरनं पॅनेलचं धन-ऋण तपासा, मग पॅनेल जोडा, मग सतरंजी काढा. सोडवताना उलट: आधी पॅनेल, शेवटी बॅटरी.

पहिले काही दिवस आणि नंतर

पहिले शंभर किलोमीटर जवळच्याच रस्त्यावर चालवा. खड्ड्यांचा असला तर चांगलंच. परत येऊन प्रत्येक नट पान्यानं तपासा आणि नटावर रंगाची रेघ ओढा. पुढं रेघ सरकलेली दिसली की तो नट ढिला. कन्नडचा घाट उतरून आलो की मी दर वेळी शिडी लावून वर बघतो.

काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि दवानं काचेला लिंपून बसते. ऊस कारखान्यांच्या पट्ट्यात, गाळप चालू असताना, चिमणीतली काजळीही त्यावर पडते. सकाळी उठल्याबरोबर, काच थंड असतानाच, मऊ फडक्यानं पुसा. तापल्या काचेवर दुपारी पाणी मारलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी तसंच वाळू देऊ नका, क्षारांचा पांढरा थर राहतो आणि तो पुन्हा निघत नाही.

उन्हाळ्यात एक पेच रोजच पडतो: माणसांना झाडाची सावली हवी आणि पॅनेलला ऊन. आम्ही सकाळी अकरापर्यंत गाडी उन्हात ठेवतो, नंतर झाडाखाली घेतो आणि १०० वॅटचं घडीचं पॅनेल लांब वायरीनं उन्हात मांडतो. त्याच्यावर फ्रिज तगून जातो.

गारांचं राहिलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही. चांगल्या पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं, सेकंदाला २३ मीटरच्या वेगानं मारून तपासलेली असते. बोरापेक्षा मोठी गार नसेल तर ती सोसते. लिंबाएवढ्या गारांची बातमी असेल तर आभाळ भरायच्या आधीच पॅनेलवर जुनी जाड गोधडी टाकून दोरीनं आवळून ठेवा. वीज कडाडायला लागल्यावर मात्र छतावर चढायचं नाही, पॅनेल फुटलं तर फुटू द्या.